चौदा लेख, एक फाइल आणि साधं पेस्ट

फाइल माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात चौदा लेखकांचे चौदा लेख एकापुढे एक लावलेले होते. पानं दोनशेच्या वर. काम सांगायला सोपं होतं: सगळ्या लेखांना एकसारखी मांडणी द्यायची, अनुक्रमणिका तयार करायची आणि छपाईसाठी पीडीएफ काढून द्यायची. संकलन माझ्या एका तरुण सहकाऱ्यानं केलं होतं. ईमेलवर आलेला प्रत्येक लेख वर्डमध्ये उघडला, सगळा मजकूर निवडला, कंट्रोल-सी. मोठ्या फाइलमध्ये येऊन कंट्रोल-व्ही. चौदा वेळा. आपण सगळे असंच करतो, त्यामुळे त्याला दोष द्यायला मी बसलेले नाही. पण पुढचे नऊ दिवस ज्या निस्तरण्यात गेले, ते सगळं त्या चौदा कंट्रोल-व्हींमधून आलं होतं. आणि मध्येच एक चूक माझ्या हातून झाली, ती त्याच्या चुकीपेक्षा महाग पडली. तीच या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट आहे.

फाइल ऐकत का नव्हती

वरवर पाहता फाइल बरी दिसत होती. मी ‘नॉर्मल’ या स्टाइलमध्ये (स्टाइल म्हणजे फॉन्ट, आकार, अंतर यांचा नाव दिलेला संच) फॉन्ट आणि ओळींमधलं अंतर बदललं. साधारण निम्मे परिच्छेद बदलले, उरलेले जागचे हलले नाहीत. अनुक्रमणिका काढली तर तिच्यात एका लेखाचे दोन आख्खे परिच्छेद आले आणि पाच लेखांची शीर्षकं आलीच नाहीत. तिसऱ्या लेखातली क्रमवार यादी १ पासून सुरू व्हायच्या ऐवजी ९ पासून सुरू झाली, कारण दुसऱ्या लेखातली यादी ८ वर संपली होती. एका लेखात काही वाक्यांच्या मागे फिकट करडा पट्टा होता. हायलाइट समजून मी तो ‘नो कलर’ करून पाहिला, पट्टा तसाच. स्टाइलच्या यादीत ‘नॉर्मल वेब’ नावाची एक स्टाइल होती. ती आमच्यापैकी कोणी बनवलेली नव्हती.

शिफ्ट आणि एफ-वन दाबलं की वर्डमध्ये बाजूला एक पट्टी उघडते. कर्सर असेल तिथल्या मजकुरावर कुठली स्टाइल आहे आणि तिच्यावर हातानं काय काय चढवलेलं आहे, हे तिथे वेगवेगळं दिसतं. परिच्छेदामागून परिच्छेद मी ती पट्टी वाचत गेले आणि कोडं सुटत गेलं.

न हलणाऱ्या परिच्छेदांची स्टाइल ‘नॉर्मल’च होती, पण लेखकानं स्वतःच्या फाइलमध्ये फॉन्ट, आकार, अंतर सगळं हातानं दिलेलं होतं. हातानं दिलेली गोष्ट स्टाइलच्या वर बसते. खाली स्टाइल कितीही बदला, वरचा थर हलत नाही. अनुक्रमणिकेत शिरलेले परिच्छेद लेखकानं ‘हेडिंग वन’मध्ये टाइप केले होते आणि अक्षर मोठं दिसलं म्हणून हातानं लहान केलं होतं. गायब शीर्षकं याच्या बरोबर उलट: साध्या ‘नॉर्मल’ परिच्छेदाला बोल्ड करून मोठं केलेलं. डोळ्याला शीर्षक, वर्डला नव्हे. करडा पट्टा हा हायलाइट नव्हताच. वेबपानावरून आलेली ती पार्श्वछटा होती, शेडिंग. तिचं बटण वेगळं असतं.

पेस्ट करताना नेमकं काय येतं

कॉपी केल्यावर क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवायच्या संगणकातल्या जागेत, एकच वस्तू जात नाही. पाठवणारा प्रोग्राम तोच मजकूर एकाच वेळी अनेक रूपांत ठेवतो: नुसती अक्षरं, मांडणीसकट मजकूर ठेवणारी आरटीएफ आणि एचटीएमएल ही रूपं, कधी चित्रसुद्धा. पेस्ट करणारा प्रोग्राम त्यातून स्वतःला समजणारं रूप उचलतो, आणि साध्या कंट्रोल-व्हीला वर्ड सहसा सगळ्यांत भरगच्च रूप घेतो. नोटपॅडला मुळात फक्त अक्षरं कळतात, म्हणून तो सहसा तीच घेतो. ‘फॉरमॅटिंगशिवाय पेस्ट’ म्हणजे क्लिपबोर्डवर आधीपासून पडलेलं ते साधं रूप मागून घेणं. वेगळी काही जादू त्यात नाही.

दुसरी गोष्ट परिच्छेदाच्या खुणेची. परिच्छेदाच्या शेवटी दिसणारी ती उलट्या पीसारखी खूण बहुतेक लोक बंद ठेवतात. परिच्छेदाचं अंतर, समास, क्रमांक, स्टाइल हे सगळं त्या खुणेत साठवलेलं असतं. निवडीत खूण आली की हे सगळं आलं. खूण सोडून फक्त शब्द निवडले तर परिच्छेदाची मांडणी मागे राहते. एखादं वाक्य उचलून नेताना हा फरक फार उपयोगी पडतो.

तिसरी गोष्ट स्टाइलच्या नावांची. दोन्ही फाइलींत एकाच नावाची स्टाइल असेल, तर वर्डच्या मूळ सेटिंगनुसार नव्या घरातली व्याख्या चालते. पण त्या नावाची स्टाइल नव्या फाइलमध्ये नसेल तर ती मजकुराबरोबर राहायला येते. चौदा फाइलींमधून अशा बऱ्याच पाहुण्या स्टाइल आल्या होत्या.

कापणं आणि चिकटवणं हे शब्द संगणकात आले ते कात्री-गोंदावरून. १९७० च्या दशकाच्या मध्याला झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ हा संपादक प्रोग्राम तयार केला, तेव्हा कागदावरची हीच कृती त्यांनी पडद्यावर आणली. कागदाचा तुकडा चिकटवला की शाई त्याच्याबरोबर येणारच. पण त्या काळात छापखान्यात चिकटवलेली प्रत शेवटची नसे. खिळे जुळवणारा ती समोर ठेवून सगळं एकाच ठशात नव्यानं जुळवत असे. लेखकाची शाई निळी की काळी याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. एखादा शब्द अधोरेखित असेल तर मात्र तो थांबायचा, कारण ती तिरप्या ठशाची सूचना होती. आमच्या फाइलला हाच माणूस भेटलेला नव्हता.

माझी चूक

निदान झाल्यावर मी तोच उपाय केला जो सगळीकडे सांगितला जातो. सगळं निवडलं, नोटपॅडमध्ये टाकलं, तिथून पुन्हा कॉपी करून कोऱ्या फाइलमध्ये आणलं. दोनशे पानं एका दमात स्वच्छ. फॉन्ट एक, अंतर एक, करडा पट्टा नाहीसा. शीर्षकांना स्टाइल दिल्या, अनुक्रमणिका बिनचूक निघाली. त्या दुपारी मला वाटलं, काम झालं.

संध्याकाळी मुद्रितशोधनासाठी पहिला लेख वाचायला घेतला आणि चौथ्या पानावर अडखळले. एक परिच्छेद असा होता की लेखक अचानक स्वतःच्याच मताच्या विरुद्ध बोलू लागला होता. मूळ फाइल उघडली. तो परिच्छेद त्याचा नव्हताच, दुसऱ्याच्या लेखनातलं ते लांबलचक उद्धृत होतं. लेखकानं अवतरणचिन्हं न घालता दोन्ही बाजूंनी समास वाढवून ते वेगळं दाखवलं होतं. समास गेला आणि दुसऱ्याचे शब्द लेखकाच्या तोंडी गेले.

मग मी एकेक लेख मूळ फाइलशी ताडून पाहिला. जे सापडलं त्यानं पोटात गोळा आला. एका लेखात दहाचा सहावा घात होता; वरचा लहान सहा खाली उतरून आकाराला आला आणि १०६ झाला. वाचणाऱ्याला शंकाही येणार नाही असा आकडा. ग्रंथांची तिरपी नावं वाक्यात विरघळून गेली होती. एका लेखिकेनं उद्धृतातला एक शब्द ठळक करून कंसात ‘ठळक ठसा माझा’ असं लिहिलं होतं. कंस जागेवर होता, ठळक काहीच नव्हतं. तक्ते टॅबनं तुटलेल्या ओळी झाले होते. तळटीपांची मजकुराशी असलेली गाठ सुटली होती, म्हणजे मध्ये एक टीप घातली तर पुढचे क्रमांक आपोआप सरकणार नव्हते.

सुक्याबरोबर ओलंही जळालं होतं, आणि ते मीच जाळलं होतं. सहकाऱ्यानं पेस्ट केलेली फाइल बेशिस्त होती, पण खरी होती. माझी फाइल देखणी होती आणि तिच्यात खोटं शिरलं होतं. मी ती तशीच पुढे दिली असती, तर एका लेखकाच्या नावावर त्याची नसलेली मतं छापली गेली असती.

सगळ्यांत वाईट अवस्था अकराव्या लेखाची होती. तो सरळ रोमन अक्षरांचा बरळ झाला होता. लेखक अनेक वर्षं जुन्या पद्धतीच्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये लिहीत आलेले. अशा फॉन्टमध्ये फाइलच्या आत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच संकेत असतात. त्यांच्यावर देवनागरीचे आकार फॉन्ट चढवतो. फॉन्ट काढला की खालचे रोमन संकेत उघडे पडतात. इथे फॉन्ट हीच लिपी होती. परिवर्तक वापरून असा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो हे मला माहीत होतं, म्हणून मी नोटपॅडमधून आलेला बरळ त्यात घातला. मराठी बरीचशी परत आली. पण लेखात मध्ये मध्ये इंग्रजी संज्ञाही होत्या आणि परिवर्तकानं त्यांचीही अर्थहीन देवनागरी करून टाकली. कुठले शब्द मराठीचे आणि कुठले खरोखर इंग्रजी, हे ओळखायची एकच खूण होती: कुठल्या शब्दावर कुठला फॉन्ट आहे. ती मी पुसली होती.

इतकं करूनही साध्या पेस्टनं जे जाईल असं मला वाटलं होतं, त्यातलं काही गेलंच नव्हतं. पीडीएफमधून घेतलेल्या एका भागात प्रत्येक ओळीच्या शेवटी परिच्छेद तुटत होता. वेबवरून आलेल्या मजकुरात न तुटणाऱ्या मोकळ्या जागा होत्या, त्यामुळे ओळी भलत्या ठिकाणी मोडत होत्या. या गोष्टी फॉरमॅटिंग नाहीत, ती अक्षरंच आहेत, फक्त न दिसणारी. साधं पेस्ट अक्षरांना हात लावत नाही. मी चिडून एका साधनानं ‘सगळी अदृश्य अक्षरं काढा’ असं केलं आणि एका लेखात ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’ झालं, ‘वार्‍या’चं ‘वार्या’. मराठीतला हा रफार नसलेला अर्धा र काही कीबोर्डांवरून र, हलन्त आणि एक अदृश्य जोडक असा टाइप होतो. जोडक काढला की र उडी मारून डोक्यावर जाऊन बसतो. ज्यांनी हाच र दुसऱ्या पद्धतीनं, खाली टिंब असलेल्या ‘ऱ’नं टाइप केला होता, त्यांचे लेख बचावले. एकाच पुस्तकात निम्मे शब्द बरोबर आणि निम्मे चूक, हे शोधणं अख्खं चूक शोधण्यापेक्षा अवघड असतं.

पुन्हा पहिल्यापासून

मूळ चौदा फाइली ईमेलमध्ये शाबूत होत्या. त्या नसत्या तर हे प्रकरण इथेच थांबलं असतं. सहकाऱ्याला बोलावलं आणि दोघांनी मिळून क्रम उलटा केला: आधी फॉरमॅटिंगमध्ये दडलेला अर्थ अक्षरांत आणायचा, मग कपडे काढायचे, मग आपले कपडे घालायचे.

प्रत्येक फाइलची प्रत काढली आणि काम प्रतीवरच केलं. वर्डच्या शोधा-बदला खिडकीत शोधायच्या रकान्यात काहीच न लिहिता फक्त ‘इटॅलिक’ हे फॉरमॅट निवडता येतं. बदलायच्या रकान्यात टोपीचं चिन्ह आणि त्यापुढे अँडचं चिन्ह लिहिलं, की त्याचा अर्थ होतो ‘जे सापडलं तेच’. त्याच्या आधी दोन महिरपी कंस आणि नंतर दोन महिरपी कंस घातले की सगळे तिरपे शब्द कंसांत जातात. ठळक अक्षरांना वेगळी खूण, घातांकांना आणि रसायनसूत्रांतल्या खालच्या अंकांना आणखी वेगळ्या. उद्धृतं मात्र यंत्रानं सापडत नाहीत, कारण कोणी समास वाढवला होता, कोणी टॅब दाबला होता, कोणी स्पेसबारनं ओळी आत ढकलल्या होत्या. ती आम्ही डोळ्यांनी वाचून खुणावली. दीड दिवस त्यात गेला, आणि नऊ दिवसांतलं ते सगळ्यांत उपयोगी काम होतं असं मला आजही वाटतं.

खुणा झाल्यावर मजकूर साधा करून मोठ्या फाइलमध्ये आणला, या वेळी नोटपॅडचा फेरा न घेता. वर्डमध्ये पेस्ट केल्यावर मजकुराच्या टोकाला एक छोटं बटण येतं, त्यात ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ असतं. कंट्रोल-व्हीनंतर नुसतं कंट्रोल आणि मग टी दाबलं तरी तेच होतं. वर्डच्या नव्या आवृत्त्यांत कंट्रोल-शिफ्ट-व्ही थेट साधा मजकूर आणतं. जुन्या आवृत्त्यांत मात्र हीच तीन बटणं आधी उचललेलं फॉरमॅटिंग चिकटवत, त्यामुळे दोन वेगळ्या संगणकांवर काम करणाऱ्यांनी आधी एका ओळीवर करून पाहावं. गूगल डॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्हीच चालतं. लिबरऑफिस रायटरमध्ये त्यानं निवडीची खिडकी उघडते; थेट साधं हवं असेल तर त्यात ऑल्टही दाबावं लागतं.

वर्डमधला तिसरा पर्याय, ‘मर्ज फॉरमॅटिंग’, आम्ही दोन लेखांवर करून पाहिला. तो बहुतेक मांडणी नव्या जागेची घेतो आणि वाक्यातला ठळक-तिरपा जोर राखतो. रोजच्या पत्रव्यवहारासाठी मी आता तोच वापरते. पण दोनशे पानांत त्यानं नेमकं काय ठेवलं आणि काय टाकलं हे तपासत बसण्यापेक्षा खुणांवर माझा जास्त भरवसा बसला.

तळटीपा असलेले चार लेख आणि तक्त्यांचे दोन या वाटेनं नेलेच नाहीत. त्यांची साफसफाई त्यांच्याच प्रतीत केली. सगळा मजकूर निवडून कंट्रोल-स्पेस दाबलं की अक्षरांवर हातानं चढवलेलं उतरतं, कंट्रोल-क्यूनं परिच्छेदावरचं. तळटीपांच्या गाठी शाबूत राहतात; फक्त त्यांचे वर चढलेले अंक खाली उतरतात, ते शोधा-बदला वापरून, टोपीचं चिन्ह आणि एफ शोधून, तळटीपेच्या स्टाइलमध्ये परत चढवले. यादीची एक मेख इथेच कळली. वर्डच्या पर्यायांत ‘साधा मजकूर पेस्ट करताना क्रमांक आणि बुलेट राखा’ अशा अर्थाची एक चौकट आहे. तिच्यात बरोबरची खूण असेल तर आपोआप पडणारे क्रमांक टाइप केलेले अंक होऊन येतात. मग त्यावर यादीची स्टाइल दिली की एकाच ओळीला दोन क्रमांक लागतात.

अकरावा लेख मूळ फॉन्टसकट परिवर्तकाकडे नेला, आणि त्याआधी लेखातले खरे इंग्रजी शब्द फॉन्टवरून शोधून बाजूला खुणावून ठेवले. आता ते बचावले.

शेवटी स्टाइल. इथे मराठी मजकुराची एक खास अडचण आहे. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ धरतो आणि तिच्यासाठी फॉन्ट व आकार यांचे वेगळे रकाने ठेवतो. स्टाइल बनवताना मी फक्त वरचा, रोमन अक्षरांचा रकाना भरला होता. त्यामुळे साधं पेस्ट केलेली मराठी अक्षरं मंगलमध्ये आणि वेगळ्याच आकारात येत होती, आणि मी दोष पेस्टला देत होते. फॉन्टच्या खिडकीत दोन्ही रकाने भरल्यावर सगळं एका जागी आलं. मग महिरपी कंसांमधला मजकूर शोधून त्याला तिरपी अक्षर-स्टाइल दिली आणि कंस काढले, तसंच बाकीच्या खुणांचं. पीडीएफच्या तुटक्या ओळी जोडल्या, न तुटणाऱ्या जागा एकेक ठिकाण पाहून बदलल्या. जोडकांना हात लावला नाही.

सहकाऱ्याच्या संगणकावर वर्डच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पर्यायांत जाऊन दुसऱ्या प्रोग्राममधून येणारं पेस्ट ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ करून ठेवलं. ते सेटिंग त्या संगणकापुरतंच असतं, फाइलबरोबर जात नाही, म्हणून माझ्याकडेही वेगळं केलं. एकाच फाइलच्या आत हलवाहलव करताना मात्र मूळ फॉरमॅटिंग राहू दिलं, कारण तिथे ते आता आमचंच होतं.

छपाईला द्यायच्या आदल्या दिवशी सातव्या लेखाच्या लेखिकेनं सुधारलेला एक परिच्छेद ईमेलमध्येच लिहून पाठवला. मी दुसऱ्या कामात होते. सहकाऱ्यानं तो कॉपी केला, मोठ्या फाइलमध्ये योग्य जागी आला, कंट्रोल-शिफ्ट-व्हीवर बोटं ठेवली आणि थांबला. ‘ताई,’ त्यानं विचारलं, ‘ईमेलमध्ये यातलं तिरपं काय होतं, ते आधी एकदा बघून घेऊ?’

दोन शब्द होते.